हप्त्याचा पैसा येतो कुठून?

खरिपाच्या तोंडावर विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. तहसील कचेरीसमोर बसलेल्या बाया म्हणतात, ‘ग्रुप लोन माफ करा, फायनान्सवाल्यांना गावबंदी करा.’ शहरातल्या चर्चासत्रांत नेमकं उलटं ऐकू येतं : ‘रिझर्व्ह बँकेनं बँकांना नियमांनी जखडून ठेवलं आहे, म्हणून त्या गावात कर्ज देत नाहीत; नियम सैल करा, मग खासगी वित्त कंपन्यांची गरजच उरणार नाही.’ दोन्ही बाजू तावातावानं बोलतात आणि दोन्ही एकच प्रश्न टाळतात. मंगळवारी सकाळी गटाच्या मीटिंगमध्ये जो फिल्ड ऑफिसर हप्ता गोळा करतो, त्याच्या कंपनीकडे वाटायला पैसा आला कुठून? तो मोठ्या प्रमाणात बँकेतूनच आलेला असतो. ज्या बँकेच्या शाखेतून गटातली बाई कागद अपुरे म्हणून परत आली, त्याच बँकेचा पैसा दुप्पट-अडीचपट व्याजाचा होऊन तिच्या दारात येतो. म्हणून बँकेबाहेरच्या या बँकिंगला, ज्याला हल्ली शॅडो बँकिंग म्हणतात, लगाम घालायचा असेल तर तो बँकेच्या दारातच घालावा लागेल. बँकांचे नियम आज आहेत त्याहून कडक हवेत, आणि विशेषतः तिथे हवेत जिथे बँक स्वतः कर्ज न देता दुसऱ्याच्या हातून देते.

आधी ही साखळी नीट पाहू. मायक्रोफायनान्स कंपनीला, म्हणजे गटांना छोटी विनातारण कर्जं वाटणाऱ्या वित्त कंपनीला, लोकांच्या ठेवी घेता येत नाहीत. तिचं भांडवल थोडं, बाकी सगळी उसनवारी. ही उसनवारी चार-पाच वाटांनी होते. बँक कंपनीला सरळ मुदतकर्ज देते. बँका आणि म्युच्युअल फंड तिचे कर्जरोखे घेतात. कंपनी वाटून झालेली कर्जं गठ्ठ्यानं बँकेला विकते. दोन वर्षांपर्यंतचं कर्ज असेल तर ते किमान तीन महिने स्वतःकडे ठेवल्यावर. किंवा बँक आणि कंपनी मिळून कर्ज देतात, त्यात प्रत्येकाचा वाटा किमान १० टक्के (२०२५ पर्यंत कंपनीचा किमान २० असे). किंवा कंपनी फक्त बँकेची प्रतिनिधी म्हणून काम करते. कर्ज घेणाऱ्या बाईला यातलं काहीच दिसत नाही. तिच्यासाठी कार्डावर छापलेलं नाव म्हणजे मालक. रिझर्व्ह बँकेचे वित्तीय स्थैर्याचे अहवाल मात्र पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत की बँकेतर वित्त कंपन्या या देशाच्या वित्तव्यवस्थेतून सर्वांत जास्त निव्वळ उसनवारी करणाऱ्या संस्था आहेत आणि देणाऱ्यांत बँका पुढे आहेत.

बँक असं का करते? कारण नियमच तिला तसं करायला शिकवतात. बँकेनं आपल्या कर्जांपैकी ४० टक्के अग्रक्रम क्षेत्राला द्यायचे असतात. त्यात १८ टक्के शेतीला, १० टक्के अल्प आणि अत्यल्पभूधारकांना, १२ टक्के दुर्बल घटकांना. हा आकडा गाठायला शाखा काढा, माणसं नेमा, सातबारा तपासा, पीक पाहणी करा, वसुलीला फिरा. किंवा मुंबईत बसून एका मायक्रोफायनान्स कंपनीच्या नावे ५० कोटींचा एक चेक लिहा. तिनं पुढे गटांना वाटलं की ते बँकेच्या खात्यातही अग्रक्रमाचं कर्ज म्हणून मोजलं जातं. त्याहून सोपी वाटही आहे. २०१६ पासून ज्या बँकेनं उद्दिष्टापेक्षा जास्त कर्ज दिलं, तिच्याकडून नुसतं प्रमाणपत्र विकत घेता येतं. एक रुपयाही गावात न जाता अल्पभूधारकाचं उद्दिष्ट पूर्ण.

आता भांडवलाचा हिशोब पाहा. बँक गावातून का पळते याचं उत्तर निम्मं इथे आहे. बँकेनं दिलेल्या प्रत्येक कर्जामागे तिचा स्वतःचा पैसा किती अडकवायचा, हे त्या कर्जाच्या जोखीम-भारावर ठरतं. किमान दर ९ टक्के धरू. छोट्या शेतकऱ्याचं कर्ज किरकोळ वर्गात, त्याचा भार ७५ टक्के. म्हणजे १०० रुपयांच्या कर्जामागे बँकेचे ६ रुपये ७५ पैसे अडकतात. तेच १०० रुपये ‘ए’ मानांकनाच्या वित्त कंपनीला दिले तर भार ५० टक्के, अडकतात साडेचार रुपये. ‘एएए’ असेल तर भार २० टक्के, अडकतो फक्त १ रुपया ८० पैसे. म्हणजे सरकार सभेत सांगतं शेतकऱ्याला कर्ज द्या, आणि नियमाचं कोष्टक बँकेच्या कानात सांगतं कंपनीला दे. आणि ते ‘एएए’ किती खात्रीचं असतं? सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही ९० हजार कोटींहून जास्त देणी असलेली संस्था हप्ते चुकवू लागली, त्याच्या काही आठवडे आधीपर्यंत तिला तेच सर्वोच्च मानांकन होतं. तिनं थोड्या मुदतीचा पैसा उचलून वर्षानुवर्षं चालणाऱ्या रस्ते-पुलांत घातला होता. जुनं फेडायला नवं मिळेना तेव्हा सगळं थांबलं, आणि तिचा काही संबंध नसलेल्या वित्त कंपन्यांचाही पैसा आटला.

गावाच्या टोकाला या साखळीचा हिशोब असा दिसतो. ४० हजारांचं ग्रुप लोन, दोन वर्षं मुदत, उरलेल्या मुद्दलावर वार्षिक २४ टक्के. महिन्याचा हप्ता बसतो सुमारे २,११५ रुपये, एकूण फेड ५० हजार ७५० च्या आसपास. मीटिंगमध्ये हेच ‘शेकड्याला महिना रुपया-सव्वा रुपया’ म्हणून सांगितलं जातं आणि ते खोटं नाही, कारण १० हजार ७५० व्याज ४० हजारांवर दोन वर्षांत सरळ पसरलं तर साधारण तेवढंच येतं. फसगत अशी की मुद्दल दर महिन्याला कमी होतं आणि हा सरळ हिशोब ते कधीच कमी करत नाही. शिवाय हातात ४० हजार येत नाहीत. एक टक्का प्रक्रिया शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, नवरा-बायको दोघांच्या विम्याचा हप्ता वजा होऊन येतात. सर्व खर्चासह वार्षिक दर दाखवणारं पत्रक देणं सक्तीचं आहे. ते दिलंही जातं. सही घेताना ते वाचून दाखवलं जातं का, हे ज्यानं एकदा गटाची बैठक पाहिली आहे त्याला विचारा.

त्याहून वाईट आहे ती वेळेची गाठ. कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढेमागे सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत येतो. सोयाबीनचा त्याआधी थोडा. मजुरी करणाऱ्या बाईला निंदणाला आणि वेचणीला काम मिळतं, त्यानंतर मार्च ते मे हात रिकामे. हप्ता मात्र कर्ज घेतल्यापासून दर आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला. मे महिन्यात २,११५ रुपये कुठून येतात? दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून. आणि दुसरी कंपनी ते देते, कारण तिलाही द्यायचंच असतं. वरच्या उदाहरणात वर्षाअखेर ४० हजारांपैकी साधारण २२ हजार मुद्दल उरतं. म्हणजे नुसतं आहे तिथे राहायचं तरी कंपनीला दरसाल आपल्या कर्जांचा मोठा हिस्सा नव्यानं वाटावा लागतो, आणि बँकेला व शेअरधारकाला तर वाढ हवी असते. फिल्ड ऑफिसरला वाटपाचं टार्गेट मिळतं ते इथून. त्याच्या डोक्यावर बसलेलं टार्गेट बँकेच्या मुख्यालयात जन्माला येतं. गावबंदीनं ते मरत नाही, शेजारच्या गावात जातं.

रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये यावर नियम केले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाला तारणाशिवाय दिलेलं कर्ज ते मायक्रोफायनान्स, आणि त्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोन नाही. ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी जायचं. नियम वाईट नाहीत. पण उत्पन्न लिहितो कोण? फॉर्म भरणारा तोच फिल्ड ऑफिसर, ज्याला टार्गेट आहे. महिना दहा हजारांच्या घरात २० हजार लिहिले की पाच हजारांची मर्यादा दहा हजार होते. सिबिलसारख्या नोंदीत दुसऱ्या कंपनीचं कर्ज दिसतं. कृषी केंद्राची बियाण्या-खतांची उधारी दिसत नाही, सावकार दिसत नाही, भिशी दिसत नाही. आणि त्याच २०२२ च्या नियमांनी व्याजावरची कमाल मर्यादा उठवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेला चार वित्त कंपन्यांचं नवं कर्जवाटप अवाजवी दरांमुळे थांबवावं लागलं. त्यांत मायक्रोफायनान्सवाल्याही होत्या. मोकळीक दिल्यानंतर अडीच वर्षांत ही पाळी आली.

इथे एक विसंगती अशी आहे की ती कुणी बोलतच नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी अधिनियमाखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के घेता येतात. बिगरशेतकऱ्याकडून १५ आणि १८. चक्रवाढ नाही. आणि दामदुपटीचा जुना नियम कायद्यात आहेच : व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. विनापरवाना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद. जिल्हा उपनिबंधकाला बेकायदा सावकारीतून लाटलेली जमीन परत करण्याचे अधिकार आहेत आणि विदर्भात अशा जमिनी परत झाल्याही आहेत. मात्र रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये सांगितलं. म्हणजे स्वतःच्या पैशानं धंदा करणाऱ्या सावकाराला १२ टक्क्यांचं कुंपण, आणि बँकेच्या, म्हणजे ठेवीदाराच्या पैशानं धंदा करणाऱ्या कंपनीला २४ टक्के मोकळे! एकाच गावात, एकाच बाईला दिलेल्या विनातारण कर्जावर. हे तर्कात कसं बसतं?

सैल नियमांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचे मुद्दे मात्र पोकळ नाहीत. त्यातला सर्वांत भक्कम मुद्दा आकड्यांचा आहे. ग्रामीण कर्जात बँका-सहकारी संस्थांचा वाटा १९५१ मध्ये जेमतेम ७ टक्के होता. १९८१ मध्ये ६१ आणि १९९१ मध्ये ६४ झाला. २००२ मध्ये उतरून ५७ वर आला. उतरण सुरू झाली ती नेमकी १९९२ नंतर, जेव्हा भांडवल पर्याप्तता (कर्जामागे बँकेनं अडकवायचा स्वतःचा पैसा) आणि थकीत कर्जाचे कडक निकष आले. मग कडक नियमांनीच गावातलं कर्ज आटवलं, असं का म्हणू नये? कारण त्याच काळात दुसरे नियम सैल झाले होते. १९७७ पासून शहरात एक नवी शाखा काढायची तर बँक नसलेल्या ठिकाणी चार काढाव्या लागत. हे बंधन १९९० मध्ये गेलं. बँक बुडू नये यासाठीचे नियम आवळले आणि बँक पोचावी यासाठीचे सोडले, तर बँक दूर जाणारच. दोन्ही एकाच वेळी कडक असताना काय होतं, हेही याच देशानं पाहिलं आहे, आणि त्याची सुरुवात विदर्भातून झाली. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि पाठोपाठ केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या धक्क्यातून ठेवविमा आला, १ जानेवारी १९६२ पासून, ठेवीदारामागे १,५०० रुपये. दुबळ्या बँका सक्तीनं मोठ्या बँकांत मिसळण्याचे अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाले. १९५१ मध्ये ५६६ असलेल्या बँका १९६९ पर्यंत शंभराच्या आत आल्या. छोट्या बँका मेल्या तर छोट्या गावांना कोण विचारणार, असा सवाल तेव्हाही करता आला असता. पण सोसून उरलेल्या बँकांवर लोकांचा विश्वास बसला, १९६९ नंतर त्यांना गावात जायला भाग पाडलं गेलं, आणि सावकाराचा वाटा पुढच्या वीस वर्षांत झपाट्यानं उतरला. ६१ टक्क्यांपर्यंतची ती चढण सैल नियमांच्या काळातली नाही.

दुसरा आक्षेप आंध्रचा. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारनं आत्महत्यांनंतर अध्यादेश काढून मायक्रोफायनान्सची वसुली जवळपास थांबवली. कंपन्या बुडायला आल्या, कर्ज आटलं, सावकाराला पुन्हा गिऱ्हाईक मिळालं. विदर्भातही नोटाबंदीनंतर, २०१६-१७ मध्ये, माफीच्या अफवांनी कित्येक जिल्ह्यांत वसुली थांबली आणि ज्या बायांनी हप्ते थांबवले त्यांच्या नावावर थकबाकीची नोंद राहिली. पुढे साध्या मोबाइलचं कर्जही मिळेना. माफीच्या मोर्च्यांना हे सांगायला हवं, कडू लागलं तरी. पण आंध्रनं सिद्ध काय केलं? राज्य सरकारनं साखळीच्या शेवटच्या टोकाला कुऱ्हाड घातली की साखळी तुटून कर्जदाराच्याच अंगावर पडते, एवढंच. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं जे केलं ते वेगळं होतं आणि ते चाललं. तिनंच नेमलेल्या मालेगाम समितीच्या जानेवारी २०११ च्या अहवालानंतर मे २०११ मध्ये बँकांना सांगितलं गेलं : ज्या कंपनीचं व्याज २६ टक्क्यांच्या वर, मार्जिन (पैसा उभारणीच्या खर्चावर लावलेला वाढीव दर) १२ टक्क्यांच्या वर, प्रक्रिया शुल्क एक टक्क्याच्या वर, तिला दिलेलं कर्ज अग्रक्रमात मोजलं जाणार नाही. कुणाला गावबंदी नाही, मोर्चा नाही. बँकेच्या खात्यात मोजायचं की नाही एवढाच प्रश्न. कंपन्या वर्षभरात सुतासारख्या सरळ झाल्या, कारण त्यांचा पैसा तिथूनच येत होता. पुढे मार्जिन मोठ्या कंपन्यांसाठी दहा टक्क्यांवर आलं. आणि धंदा बंद पडला नाही. २०२२ मध्ये मर्यादा उठेपर्यंत तो वाढतच होता.

तिसरा आक्षेप जवळचा आहे आणि विदर्भात तो भावनेनं मांडला जातो : रिझर्व्ह बँकेच्या कडकपणानं आमच्या जिल्हा बँका मारल्या. नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती बँकांवर २०१२ च्या सुमारास नव्या ठेवी घेण्याची बंदी आली हे खरं. ठेव नाही म्हणजे सोसायटीला पैसा नाही, सोसायटीला नाही म्हणजे सभासदाला पीककर्ज नाही. गटसचिव रिकाम्या हातानं बसले आणि जिथे त्यांची खुर्ची होती तिथे फायनान्सच्या मोटारसायकली आल्या. हा अनुभव खोटा कसा म्हणायचा? पण नागपूर बँकेचं दुखणं २०१२ चं नव्हतं. २००१-०२ मध्ये तिनं दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे घेतले. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. सुमारे दीडशे कोटींचा हा मामला, आणि वर्ध्याच्या बँकेचाही पैसा अशाच वाटेनं गेला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा दिली. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयात गेलं. रोखा ताब्यात आल्याशिवाय पैसा सोडायचा नाही, हा बँकिंगचा पहिला धडा. तो पाळला जातो की नाही हे बघायचं कुणी? सहकार खातं म्हणे रिझर्व्ह बँक, रिझर्व्ह बँक म्हणे सहकार खातं. दोन मालकांच्या भांडणात दाराला कुलूपच नव्हतं. नियम तेव्हा, त्या वर्षी, कडक असते तर दहा वर्षांनी बंदीची कुऱ्हाड चालवावी लागली नसती. आणि नीट पाहिलं तर हीदेखील बँकेचा पैसा बँकेबाहेरच्या धंद्यात गेल्याचीच गोष्ट आहे.

या सगळ्यात बँक स्वतः सावकाराच्या खांद्यावर कशी उभी असते, याचं उदाहरण दर मार्चला दिसतं. पीककर्ज वेळेत भरलं तर महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. म्हणून शेतकरी ‘नवं-जुनं’ करतो. घरात पैसा नसतो, तेव्हा एक लाख सावकाराकडून शेकडा पाचनं उचलतो, बँकेत भरतो, आठ-पंधरा दिवसांत नवं कर्ज मंजूर झालं की सावकाराला परत. सावकार पंधरा दिवसांचेही महिनाभराचेच घेतो : पाच हजार. शून्य टक्क्याच्या कर्जावर शेतकऱ्यानं पाच टक्के मोजले, आणि बँकेच्या वहीत खातं निर्मळ. सरकारचं व्याज अनुदान या वाटेनं थोडं सावकाराच्या खिशात जातं. शाखाधिकाऱ्याला हे ठाऊक नसतं असं कुणी मानू नये. पीक बुडालेल्या वर्षी कर्जाचं पुनर्गठन करून हप्ते पाडून द्यायची तरतूद आहे. ती आपोआप वापरली गेली तर नवं-जुनंचा निम्मा धंदा बसेल. पण पुनर्गठनाला आणेवारी, आदेश, अर्ज लागतात, आणि नवं-जुनंला फक्त सावकार.

दीडशे वर्षांपूर्वी हेच घडलं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, इंग्लंडला कापूस मिळेना तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांचा पैसा शहरातल्या सावकारांकडे, तिथून गावच्या सावकाराकडे आणि तिथून रयतेकडे वाहिला. वऱ्हाडात कापसाच्या मागणीनं बाजार फुलले, १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली. युद्ध संपलं, भाव पडले, मुंबईचा पैसा थांबला आणि तगादा सुरू झाला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा झाला, कर्जरोखे जाळले गेले. सरकारनं १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन खरा हिशोब बघायची मुभा मिळाली. चांगलं पाऊल होतं. सावकारांनी काय केलं? गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. विदर्भात आज कर्जाच्या बदल्यात ‘नाममात्र’ खरेदीखत करून घेण्याची जी रीत आहे, ती त्याच जातीची. गावच्या रोख्यावर कायदा झाला. ज्या पेढ्यांनी पैसा ओतला आणि एका हंगामात काढून घेतला, त्यांना कुणी काही विचारलं नाही. आज मात्र त्या पेढीच्या जागी बँक आहे, तिच्याकडे परवाना आहे, ठेवविमा आहे, वर रिझर्व्ह बँक आहे. १८७९ च्या सरकारला जो हात नव्हता तो आपल्याला आहे, आणि तो न वापरता आपण पुन्हा गावातच भांडतो आहोत.

मग कडक म्हणजे नेमकं काय? पहिलं, जोखीम-भाराचं कोष्टक उलटं करा. पुढे किरकोळ कर्ज वाटणाऱ्या कंपनीला बँकेनं दिलेल्या कर्जाचा भार मानांकन काहीही असलं तरी ७५ टक्क्यांच्या खाली नको. शेतकऱ्याला थेट देणं त्याहून महाग पडता कामा नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं वित्त कंपन्यांच्या कर्जांवरचा भार २५ अंकांनी वाढवला होता, पण त्यातून अग्रक्रमात मोजली जाणारी कर्जं वगळली. म्हणजे गावाकडे येणारी नेमकी हीच वाट मोकळी राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर ती वाढही मागे घेतली गेली. दुसरं, २०११ ची अट परत आणा : कंपनीचा पैसा उभारणीचा खर्च अधिक ठरावीक मार्जिन, त्यापुढे गेल्यास अग्रक्रमात मोजणी नाही. खर्च खरा आहे, चाळीस बायांकडून दोन-दोन हजार गोळा करायला माणूस, पेट्रोल, वेळ लागतो. म्हणून मार्जिन १० टक्के असू द्या, पण असू द्या. तिसरं, कर्ज बँकेला विकलं किंवा भागीत दिलं असेल तर कार्डावर बँकेचं नाव, शाखा आणि तक्रारीचा नंबर हवा, आणि वसुलीतल्या दमदाटीची जबाबदारी बँकेचीही हवी. ज्याच्या खात्यात व्याज जातं त्याला वसुलीशी आपला संबंध नाही असं म्हणता येऊ नये. चौथं, उत्पन्नाचा फॉर्म भरणारा आणि तपासणारा एकच माणूस नको. बँकेनं विकत घेतलेल्या कर्जांतून काही टक्के कुटुंबं तिच्याच माणसानं गावात जाऊन तपासावीत, आणि हप्त्याची वेळ पिकाशी आणि मजुरीच्या हंगामाशी जुळते का तेही पाहावं. कर्जदाराच्या सोयीनं हप्त्याची मुदत ठरवावी असं २०२२ चे नियमच सांगतात.

बँकांचा खर्च यानं वाढेल, हे मान्य. काही कंपन्या छोट्या होतील, काही बायांना तिसरं कर्ज मिळणार नाही. तिसरं कर्ज न मिळण्यानं ज्यांचं नुकसान होईल त्यांच्यापेक्षा ते मिळाल्यानं ज्यांचं झालं त्या जास्त आहेत, असं माझं मत आहे. कंपन्यांच्या स्वनियंत्रण संघटनेनंच २०२४ मध्ये एका कर्जदाराला आधी चारच आणि मग तीनच कंपन्यांनी कर्ज द्यावं, एकूण दोन लाखांच्या पुढे जाऊ नये असं ठरवलं. धंद्यातल्यांनाही धोका दिसतो आहे.

ठेवीच्या बाजूचं थोडक्यात. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज देणाऱ्या बहुराज्यीय पतसंस्थेत पिग्मी एजंटमार्फत रोज शंभर-दोनशे टाकणाऱ्या दुकानदाराला आपला पैसा विमा उतरवलेला आहे असं वाटतं. पाच लाखांचा ठेवविमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. तिथे पैसा अडकला की १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्त होते आणि वर्षानुवर्षं यादीत नाव शोधावं लागतं. पतसंस्थेच्या प्रत्येक पावतीवर, पिग्मीच्या प्रत्येक कार्डावर ‘या ठेवीला विमा नाही’ एवढी ओळ ठळक छापणं सक्तीचं करायला कुणाचीच हरकत नसावी. ज्याची असेल त्याचा ताळेबंद आधी तपासा.

जिल्ह्यात बँकांची समन्वय समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते आणि वार्षिक पत आराखड्याचे आकडे वाचून दाखवते : खरिपाचं उद्दिष्ट इतकं, वाटप इतकं, टक्के इतके. लोकप्रतिनिधी टक्क्यांवरून बँकांना झापतात, फोटो छापून येतो. त्या तक्त्यात दोन रकाने वाढवायला संसदेचा कायदा लागत नाही. बँकेच्या शेती आणि दुर्बल घटकांच्या कर्जातलं किती थेट दिलं आणि किती वित्त कंपन्यांमार्फत, हा पहिला. कंपन्यांमार्फत गेलेलं शेवटच्या कर्जदाराला किती टक्क्यांनी पडलं, हा दुसरा. मोर्चा काढायचाच असेल तर हे दोन रकाने मागायला काढावा, आणि तो तहसीलवर न नेता अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या बँकेच्या, कार्यालयावर न्यावा.